खडी टाकल्यावर गाडी अडखळते? इंजिन उघडण्याआधी हे तपासा

मॉडेल रेल्वेचे रूळ नुसते प्लायवर ठोकले होते तेव्हा गाडी लोण्यासारखी चालत होती. मग डोंगर झाला, बोगदा झाला, खडी पसरली, गवत लावलं, आणि आता तीच गाडी बोगद्याच्या तोंडाशी येऊन उभी राहते. हे गाऱ्हाणं मी इतक्यांदा ऐकलंय की पुढची वाक्यं मीच पुरी करतो. "इंजिन उघडलंस का?" असं विचारलं की पलीकडे क्षणभर शांतता. म्हणजे उघडलेलं असतं.

माझं स्वतःचं लेआउट (रूळ, डोंगर, बोगद्यांची सगळी मांडणी) आठ बाय चार फुटांच्या प्लायवर आहे, एचओ म्हणजे १:८७ मापाचं. बोरघाटातला ठाकूरवाडी ते मंकी हिलचा तुकडा डोळ्यांसमोर ठेवून केलेलं. हा बिघाड मी त्यावर चार वेळा काढला, आणि मित्रांच्या लेआउटवर किती वेळा ते मोजायचं सोडून दिलंय. दहातल्या आठ वेळा इंजिनाचा काही दोष नसतो. शेवटच्या आठवड्यात तुम्ही जे सजवलं, त्यातलंच काहीतरी रुळावर, पॉइंटात (गाडी जिथे रूळ बदलते ती जागा) किंवा चाकात गेलेलं असतं. त्यामुळे इंजिनाचा नंबर सगळ्यात शेवटी.

लक्षणं

यांपैकी एक-दोन तरी जुळतील:

- गाडी एका ठरावीक जागी थांबते, बोटाने ढकललं की पुढे जाते.
- हळू चालवली तर अडखळते, जोरात सोडली तर त्याच जागेवरून निघून जाते.
- पॉइंटवर डबा उडतो, किंवा पॉइंट फिरल्यासारखा वाटतो पण जीभ, म्हणजे त्याचा हलता रूळ, शेजारच्या रुळाला चिकटत नाही.
- इंजिनातून कर्रकर्र आवाज येतो, तोही पूर्वी नसलेला.
- लांब डबे बोगद्यात किंवा वळणावर घासतात, छोटे वॅगन मात्र बिनबोभाट जातात.
- लेआउटच्या लांबच्या टोकाला सगळीच इंजिनं मंदावतात.

आधी पाच मिनिटं नुसतं बघा

याला एक पैसा लागत नाही, आणि अर्धा निकाल इथेच लागतो. दोन इंजिनं घ्या (दुसरं नसेल तर मित्राचं आणा) आणि एकामागून एक, अगदी सावकाश सगळीकडे फिरवा. दोन्ही एकाच जागी अडत असतील तर दोष रुळाचा. एकच इंजिन सगळीकडे अडखळत असेल तर दोष त्या इंजिनाचा, बहुतेक त्याच्या चाकांचा. अडलेल्या प्रत्येक जागी रुळाशेजारी रंगीत कागदाची बारीक चिठ्ठी टोचून ठेवा. लक्षात राहील असं वाटतं, पण राहत नाही.

मग खोलीतला दिवा घालवून मोबाइलचा टॉर्च रुळाच्या पातळीत आडवा धरा. वरून दिसत नाही ते सगळं आडव्या उजेडात दिसतं. रुळाच्या डोक्यावर बसलेला दाणा, गवताचा तंतू, गोंदाचा चकाकता थेंब, प्रत्येकाची सावली पडते.

रुळाचं डोकं पुसा

खडीवर पातळ गोंद सोडताना त्याची साय रुळाच्या डोक्यावर चढते. वाळल्यावर ती दिसत नाही, पण वीज मात्र तिथेच अडते. रुळाच्या कडांना गंजाचा तपकिरी रंग देताना ब्रश वर घसरला असेल तरी तेच होतं. इंजिन जोरात गेलं की धडपडत पुढे निघून जातं आणि हळू गेलं की थांबतं, त्याचं कारण बऱ्याचदा हे.

वीज बंद करा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजूला, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. त्यात सुती फडकं ओलं करून रूळ पुसा. खिडकी उघडी ठेवा, ते पेट घेतं. काळं-पांढरं फडक्यावर यायचं थांबेपर्यंत पुसा. पॉलिश पेपर लावायचा मोह आवरा. त्याने रुळावर बारीक ओरखडे पडतात, त्यांत काजळी भरते, आणि पुढे दर आठवड्याला पुसत बसावं लागतं.

दाणा शोधा

माझ्याकडे आलेल्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा हेच निघालंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडच्या मोठ्या लाइनीची खडी नावाला ५० मिलिमीटरची असते, मोठ्यातला मोठा दगड ६५ च्या आसपास. त्याला ८७ ने भागा. पाऊण मिलिमीटरच्या वर दाणा असायलाच नको. पण खडी क्रशरवरून पिशवीभर कच आणली की त्यात एक-दीड मिलिमीटरचे दाणे भरपूर असतात. १:८७ च्या जगात दीड मिलिमीटर म्हणजे १३ सेंटिमीटरचा धोंडा. ते बघायला तर खोटं दिसतंच, पण चालायलाही वाईट. पॉइंटच्या क्रॉसिंगपाशी, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तिथे, चाकाची कड ज्या फटीतून जाते ती फट मिलिमीटरपेक्षा थोडीच जास्त रुंद असते. एक मिलिमीटरचा दाणा म्हणजे त्या फटीसाठी मापाने घडवलेली पाचरच. चाक त्यावर चढतं आणि डबा उडतो. पाऊण मिलिमीटरच्या आतला दाणा फटीच्या तळाशी पडून राहतो, फार त्रास देत नाही.

म्हणून कच दोन गाळण्यांतून काढायची. आधी चहाच्या जाड गाळणीतून मोठे दाणे काढून टाकायचे, मग पिठाच्या बारीक चाळणीतून धूळ. मधलं जे उरतं तेच रुळात टाकायचं. गाळणी परत स्वयंपाकघरात न्यायची नाही, हे सांगायची वेळ माझ्यावर आली होती.

आता बिघाडाकडे. लाकडी टूथपिक घ्या, लोखंडी सुई नको, ती दोन रुळांना टेकली की शॉर्ट. चिठ्ठी टोचलेल्या प्रत्येक जागी रुळाच्या आतल्या बाजूने टूथपिक सावकाश ओढत न्या. स्लीपरच्या वर आलेला दाणा लगेच हाताला लागतो. सुटा असेल तर निघून येतो. चिकटला असेल तर कोमट पाण्याचा एक थेंब सोडा आणि दहा मिनिटं थांबा. साधा पांढरा गोंद पाण्याने मऊ होतो. पाण्याला दाद न देणारा गोंद वापरला असेल तर तो दाणा पक्कडीने फोडूनच काढावा लागतो. खडीसाठी भारीतला वॉटरप्रूफ गोंद घेऊ नका असं मी म्हणतो ते यासाठी.

सगळं झाल्यावर व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडावर जुना मोजा बांधून एकदा फिरवा. सुटे दाणे मोज्यात अडकतात, त्यांच्याबरोबर कधी एखादा हरवलेला गँगमनचा पुतळाही सापडतो.

चुंबक फिरवा

इथल्या मातीत वाढलेला हा बिघाड. बाहेरच्या देशांतले तयार खडीचे डबे वापरणाऱ्यांना याचा त्रास क्वचित होतो.

आपला सह्याद्री बेसॉल्टचा. घाटात रुळांखाली काळीकरडी खडी दिसते ती हीच, आणि लेआउटवरही रंग हुबेहूब हवा म्हणून आपण तीच कुटून वापरतो. पण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज, असतं. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत तर इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट दोन्ही भरपूर. आणि इंजिनाच्या मोटरीत काय असतं? चुंबक. गाडी रुळावरून जाते आणि खालचे सुटे कण अलगद उचलत जाते.

ठाण्याच्या एका मित्राने कर्रकर्र आवाजासाठी इंजिन दोनदा उघडलं, तेल घातलं, शेवटी मोटर बदलली. तीन आठवड्यांत नवी मोटरही तशीच वाजायला लागली. मी गेलो तेव्हा इंजिन उलटं करून पांढऱ्या बशीवर धरलं आणि मऊ ब्रशने मोटरीखालची खाच झाडली. बशीत सात कण पडले. मीठ बारीक कुटावं एवढे, काळे, एका कडेला चमक असलेले. चुंबकावलेल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक जवळ नेलं तर सातांपैकी पाच उड्या मारून त्याला चिकटले. त्याने खडीसाठी आणलेली अख्खी बरणी मग आम्ही ताटात ओतली आणि जुन्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यातून फिरवला. पिशवीवर काळ्या दाढीसारखी जाड झालर आली. पिशवी उलटी केली की झालर पिशवीत आणि चुंबक मोकळा, म्हणून पिशवी. तीन-चार फेऱ्यांनंतर काही येईनासं झालं.

खडी आधीच टाकून झाली असेल तरी हरकत नाही. पिशवीतला चुंबक रुळांच्या वर दोन मिलिमीटरवरून नेत चला. निकेल सिल्व्हरच्या रुळाला तो चिकटत नाही (नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त). चिकटला तर तुमचे रूळ पोलादी आहेत, आणि ते गंजतात, हेही कळलं. पक्के चिकटलेले कण तिथेच राहू द्या, त्रास फक्त सुट्यांचा. पॉइंटपाशी मात्र जरा लांबूनच, काहींच्या आत पोलादी स्प्रिंग असते. आणि इंजिनं तेवढ्या वेळात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला.

पॉइंटची जीभ

बऱ्याच पॉइंटमध्ये जीभ बाजूच्या रुळाला टेकते तेव्हाच पुढे वीज जाते. मध्ये गोंदाची साय असली तर जीभ फिरलेली दिसते, गाडी मात्र पॉइंटवर जाऊन मरते. कागदाची बारीक पट्टी जीभ आणि रूळ यांच्यात घालून जीभ बंद करा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर जीभ नीट टेकत नाहीये. त्याच पट्टीला अल्कोहोल लावून दोन-तीनदा ओढली की फट साफ होते.

जीभ हलतच नसेल तर जोर लावू नका. टोकाशी कोमट पाणी, दहा मिनिटं थांबणं, टूथपिकने जीभ ओढणाऱ्या आडव्या पट्टीखालचे दाणे काढणं, परत पाणी. मला एकदा यात अख्खी दुपार गेली. जोर लावल्यावर जिभेचा सांधा तुटतो, तो घरी जोडता येत नाही, पॉइंट बदलावा लागतो. पुढच्या वेळी पॉइंटच्या हलत्या भागाजवळ गोंद ड्रॉपरने सोडू नका. तिथे खडी एकच थर, टूथपिकने लावलेली, आणि वाळेपर्यंत दर पाव तासाने जीभ इकडे-तिकडे.

चाकं आणि गवताचे तंतू

जेव्हा एकच इंजिन अडखळतं तेव्हा इकडे या. पेपर नॅपकिन अल्कोहोलमध्ये भिजवून रुळांवर आडवा ठेवा, इंजिनाची पुढची चाकं त्यावर आणि मागची उघड्या रुळावर. अल्कोहोल थोडं उडून जाऊ द्या, मग इंजिन हाताने धरून वीज हळू सोडा. नॅपकिनवर दोन काळ्या रेघा उमटतील. मग उलटं करून मागची चाकं.

उभं गवत लावलं असेल तर तंतूंचा संशय धराच. हे नायलॉनचे दोन-चार मिलिमीटरचे तंतू आसाला केसासारखे गुंडाळले जातात आणि दात्यांत शिरतात. भिंग आणि बारीक चिमटा घ्या. तंतू ओढताना तुटला तर सोडा, आस उलटा फिरवा, दुसरं टोक वर येतं.

यात एक धोक्याचं. आपल्यातले कित्येक जण डास मारायच्या बॅटचं सर्किट गाळणीला जोडून गवत लावायचं यंत्र घरीच करतात. मीही केलंय. त्यातून हजार व्होल्टच्या वर दाब निघतो. त्याची तार लेआउटवर लावण्याआधी सगळी इंजिनं उचलून ठेवा आणि रुळांना वीज देणाऱ्या कंट्रोलरच्या तारा रुळांपासून सोडवा, नाहीतर इंजिनातला डिकोडर (कंट्रोलरचे संकेत वाचणारं छोटं सर्किट) एका ठिणगीत जातो. बटण सोडल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो. मुलांच्या हातात हे यंत्र नको.

डोंगर घासतोय का

लांब डबे अडतात आणि वॅगन जातात, तर दोष वळणाचा किंवा बोगद्याचा. एलएचबी या नव्या पद्धतीच्या प्रवासी डब्याची लांबी साडेतेवीस मीटर, म्हणजे १:८७ ला २७ सेंटिमीटर. जुन्या पद्धतीचा आयसीएफ डबा साधारण साडेचोवीस सेंटिमीटर. वळणावर असा डबा मधोमध आतल्या बाजूला आणि दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूला झुकतो. बोगद्याचं तोंड तुम्ही वॅगन उभा करून मापलं असेल, तर आता एलएचबी अडणारच.

सगळ्यात लांब डब्याच्या कडांना फळ्यावरचा खडू फासा आणि हाताने हळू ढकला. जिथे लागतं तिथे प्लास्टरवर पांढरी रेघ येते. तेवढंच कानसून काढा. घाटातले बोगदे आतून नाहीतरी खडबडीत आणि काजळलेलेच असतात, कानशीचे ओरखडे काळ्या रंगात खपून जातात. झाडं आणि खांब मात्र उपटून अर्धा सेंटिमीटर मागे.

वीज पोचत नाही

इथून पुढे थोडा खर्च आणि थोडं कौशल्य. रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या सांध्यात गोंद किंवा रंग शिरला की सांधा दिसायला जोडलेला, पण वीज अर्धवट. नुसता मल्टिमीटर लावून हा दोष दिसत नाही, कारण भार नसताना खराब सांध्यातूनही पुरा दाब दिसतो. भार द्यायला मोटारसायकलच्या पार्किंग दिव्याचा १२ व्होल्ट ५ वॉटचा बल्ब दोन तारांसकट घ्या. कंट्रोलर पूर्ण वेगावर ठेवा आणि बल्बच्या तारा रुळांना टेकवत जा, आधी कंट्रोलरजवळ, मग लांब लांब. ज्या सांध्यापलीकडे बल्ब एकदम मंदावतो तोच सांधा. शेजारी मल्टिमीटर असेल तर आकडाही मिळतो, १२ चा ९ झाला तर नक्कीच. डीसीसी (डिजिटल कंट्रोल) असेल तर साधा मीटर नीट आकडा देत नाही, बल्बच्या उजेडावर भरवसा ठेवा. बल्ब तापतो, तो गवतावर किंवा थर्माकोलवर टेकवू नका.

उपाय म्हणजे त्या सांध्यापलीकडच्या रुळाला खालून स्वतंत्र तार. सोल्डर करताना दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवा, नाहीतर प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. सोल्डरिंगचा हात नसेल तर आधी रुळाच्या भंगार तुकड्यावर दहा वेळा करून बघा.

प्लाय वाकला

सगळ्यात वाईट हे. प्लास्टरचा डोंगर करताना भरपूर पाणी गेलं, वर पावसाळा, आणि खालचा साधा प्लाय फुगला किंवा वाकला. दीड फुटी पट्टी रुळांवर उभी धरा. पट्टीखालून उजेड दिसला तर तिथे खळगा. बोरघाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे मीटरभर लांबीत पावणेतीन सेंटिमीटर. खऱ्या रेल्वेलाही तिथे मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. तुम्ही आधीच तेवढा चढ घेतला असेल आणि त्यात प्लायने आणखी भर घातली, तर एकटं इंजिन थांबणारच, त्याला ते बिचारं काय करणार. खळगा दोन-तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर खडी भिजवून रूळ उचला आणि खाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरकवा.

इथे हात थांबवा

कंट्रोलरच्या अडॅप्टरची २३० व्होल्टची बाजू उघडायची नाही. जळका वास, चटके, किंवा खडी भिजवताना पाणी अडॅप्टरवर पडलं असेल तर प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. ओल्या खडीवर वीज सोडू नका, एरवी दोन दिवस आणि पावसाळ्यात तीन-चार दिवस वाळू द्या.

रूळ, चाकं, दाते सगळं साफ, तरी इंजिन पाच मिनिटांत हाताला चटका बसेल इतकं तापतं, तर मोटर किंवा डिकोडर गेला. वॉरंटी असेल तर झाकण न उघडता विकलं त्याच्याकडे परत. नसेल तर मोबाइलच्या बोर्डावर बारीक सोल्डरिंग करणारा कारागीर डिकोडरच्या तारा घरच्या इस्त्रीसारख्या जाड सोल्डरिंग गनपेक्षा शंभर पटीने नीट जोडतो. त्याला कुठली तार कुठल्या रंगाची, ते आधी फोटो काढून द्या.

प्लाय पाच मिलिमीटरच्या वर वाकला असेल, किंवा खालची चौकटच हलत असेल, तर सुतार. डोंगर वाचवायचा म्हणून वरून टेकू देत बसू नका. मी दोन पावसाळे दिले, तिसऱ्यात बोगदा मधोमध तडकला.